वेसकराच्या काठीपासून कलम ३२ पर्यंत : सत्तेला वेसण घालणारे बाबासाहेब

बाबासाहेबांच्या अर्थविचारावर आजचे तरुण भरभरून बोलतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ही चर्चा बहुतेक वेळा एकाच फाट्यावर येऊन अडते. एक गट म्हणतो, बाबासाहेब खुल्या बाजाराचे होते, कारण त्यांनी रुपयावर लिहिताना सरकारच्या हातातली मोकळीक काढून घ्यायला सांगितले. दुसरा गट म्हणतो, ते सरकारी मालकीचे होते, कारण १९४७ च्या निवेदनात त्यांनी मोठे उद्योग, विमा आणि शेती राज्याकडे द्यायला सांगितली. दोघांच्याही हातात पुस्तके खरी आहेत. चुकते ते इतकेच, की दोघेही पुस्तकाचे एक पान वाचतात आणि माणसाचे आयुष्य सोडून देतात.

आम्ही मुळशी तालुक्यात, कोळवण खोऱ्यात सामाजिक काम करतो. इथे सरकार कमी हवे की जास्त, हा प्रश्न पुस्तकी नाही. इथे तो सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. म्हणून बाबासाहेबांचे आयुष्य या एकाच प्रश्नाच्या अंगाने पुन्हा सांगावे असे आम्हाला वाटले: माणसावर कोणाची सत्ता चालते, आणि त्या सत्तेला वेसण कोण घालतो?

सरकारने उघडलेले दार, सरकारनेच लावलेले दार

१४ एप्रिल १८९१ रोजी महू छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. आजोबा मालोजी आणि वडील रामजी दोघेही लष्करात. रामजी सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते. कंपनीच्या आणि नंतर इंग्रजांच्या फौजेने महार माणसाला गावाच्या वेशीबाहेर काढले, अंगावर गणवेश दिला, हातात पगार दिला, मुलांना अक्षरओळख दिली. गावगाड्याने जे शतकानुशतके दिले नाही ते एका सरकारी नोकरीने दिले.

पण १८९० च्या दशकात त्याच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कारण कोणाचा गुन्हा नव्हता. धोरण बदलले, एवढेच. एका कागदाने एका समाजाची वर जाण्याची वाट बंद झाली, आणि त्या कागदाविरुद्ध दाद मागण्याची जागा कुठेच नव्हती. बाबासाहेब त्या वेळी अगदी लहान होते, पण ज्या घरात ते वाढले त्या घरात ही जखम ताजी होती. सरकारची कृपा आणि माणसाचा हक्क यांतला फरक त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी निवडलेले विषय पाहा. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च, मग ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा जमाखर्च. म्हणजे सरकार पैसा कोणाकडून घेते, कोणावर खर्च करते, आणि त्याला जाब कोण विचारतो. जातीवर त्यांनी १९१६ मध्ये तिथेच निबंध वाचला. जात आणि जमाखर्च हे दोन विषय त्यांच्या टेबलावर पहिल्यापासून शेजारी शेजारी होते.

१९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत हजर झाले. महाराजांचा हुकूम पाठीशी होता, पण शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि तो बंद पडला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर तिथे पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केली.

खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्या मित्रांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. बाजार पैशाकडे बघतो, जातीकडे बघत नाही, असे पुस्तकात लिहिलेले असते. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाचा धंदा याच मुंबईच्या बाजाराने जात पाहून बुडवला. आणि सरकारच सगळे करील म्हणणाऱ्यांनी बडोदा लक्षात ठेवावे. राजाचा हुकूमही भाड्याची एक खोली मिळवून देऊ शकला नाही.

रुपया कोणाच्या हातात?

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्यांचा रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि त्यावर लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. या ग्रंथाचे नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, आतला मुद्दा फार थोड्यांना. तो साध्या शब्दांत असा.

१८९३ पूर्वी कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावेत अशी मोकळीक होती. त्या वर्षी सरकारने ही मोकळीक बंद केली. पुढे रुपया पाडायचा की नाही, किती पाडायचा, हे सरकार ठरवू लागले. रुपयाची किंमत लंडनच्या पौंडाशी बांधलेली ठेवायची आणि देशात सरकारने व्यवहार सांभाळायचा, अशी पद्धत तयार झाली. केन्ससारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये तिचे समर्थन केले होते.

बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की ज्याच्या हातात पैसा निर्माण करण्याची शक्ती आहे त्याच्यावर बंधन नसेल तर तो गरजेपेक्षा जास्त पैसा काढणारच. अधिकारी शहाणा असेल, या भरवशावर देशाचे चलन ठेवता येत नाही. म्हणून रुपया पाडणे सरकारलाही बंद करा आणि सोन्याचे नाणे चालवा, अशी वाट त्यांनी सुचवली. त्यामागची काळजी सावकाराची नव्हती. पैशाची किंमत घसरली की व्यापारी भाव वाढवून मोकळा होतो. मजुराची मजुरी मात्र लगेच वाढत नाही. महागाई हा मजुराच्या खिशातून गुपचूप घेतलेला करच असतो. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी चलनाचे प्रश्न याच काटेकोरपणे मांडले.

रिझर्व्ह बँकेचे श्रेय बाबासाहेबांना किती द्यायचे यावर आपल्याकडे वाद रंगतात. आम्हाला त्यापेक्षा मोलाची वाटते ती या ग्रंथातली वृत्ती. सत्ता चांगल्या माणसाच्या हातात आहे म्हणून ती मोकळी सोडायची नाही, तर ती कोणाच्याही हातात गेली तरी गरिबाला इजा होऊ नये अशी तिला चौकट घालायची. संविधान लिहिताना त्यांनी जे केले त्याचे बीज इथे, एका अर्थशास्त्राच्या पुस्तकात, वीस-पंचवीस वर्षे आधी सापडते.

महाड : कागदावरचे स्वातंत्र्य

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारची मनाई उरली नव्हती. तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळभर पाणी घेता आले नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले. पाणी पिऊन परतणाऱ्यांवर हल्ले झाले. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला. तळे खाजगी मालमत्ता आहे असा त्यांचा दावा होता. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याची लढाई कोर्टात नेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली.

या लढाईचा धडा नीट समजून घ्यायला हवा. सरकारने हात काढून घेतला म्हणजे माणूस मोकळा होत नाही. सरकारच्या जागी गाव उभे राहते, जात उभी राहते, बहिष्कार उभा राहतो. बहिष्कार टाकायला पोलीस लागत नाहीत, कायदा लागत नाही. दुकानदाराने माल देणे थांबवले, शेतमालकाने काम थांबवले, की झाले. १९३० च्या गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत बाबासाहेबांनी म्हणूनच मूलभूत हक्कांसोबत सामाजिक बहिष्काराला शिक्षेची तरतूद मागितली होती. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला २०१६ मध्ये आणि लागू झाला २०१७ मध्ये. मधे किती वर्षे गेली ते वाचकांनीच मोजावे.

वतन : सरकारचा फुकटचा नोकर

आता आम्ही त्या लढाईकडे येतो, जिचा उल्लेख महाडच्या तुलनेत फार कमी होतो. आमच्या मते व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न बाबासाहेबांनी सर्वांत उघडपणे मांडला तो इथे.

महार वतन म्हणजे काय, हे आज शहरात वाढलेल्या मुलांना सांगावे लागते. गावच्या महाराने सरकारी कागद पोचवायचे, वसुलीचा पैसा कचेरीत न्यायचा, अंमलदार आला की त्याचे सामान वाहायचे, त्याच्या घोड्याची व्यवस्था करायची, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, रात्री काठी घेऊन वेशीवर राखण करायची. कामाला वेळ नाही, हद्द नाही. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे. बदल्यात वतनाची थोडी जमीन, जी पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन वावभर उरलेली, आणि गावकऱ्यांनी द्यायचे बलुते. म्हणजे काम सरकारचे, आणि मजुरी गावाच्या मर्जीवर. महाराने मान वर केली, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की गाव बलुते बंद करणार. आणि काम सोडले तर सरकार जमीन काढून घेणार.

समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला या व्यवस्थेची चलाखी फार बोलकी वाटते. सरकारची सक्ती आणि गावाची सक्ती इथे एकमेकींत अशी गुंफली होती, की एकीतून सुटायला जावे तर दुसरी आवळली जाई. नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य नाही, मजुरी ठरवण्याचे नाही, दुसरा धंदा शोधायला गाव सोडण्याचे नाही. आणि हे सगळे १८७४ च्या वतन कायद्याने रीतसर बांधलेले.

मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात हा कायदा दुरुस्त करण्याचे बिल मांडले. ज्या वतनदारांना सेवेतून मुक्त व्हायचे असेल त्यांना जमिनीचा पूर्ण सारा भरून ती स्वतःकडे ठेवता यावी आणि नोकरीचा जू उतरवता यावा. ज्यांना नोकरी करायची असेल त्यांची कामे नेमकी ठरावीत आणि मोबदला रोख व नियमित मिळावा. बलुत्यासाठी गावापुढे हात पसरावा लागू नये. मागणी इतकी साधी होती. सरकारने आणि सनातनी सभासदांनी मिळून ती अडवली. समितीच्या फेऱ्यात बिलाचा जीव गेला आणि पुढच्या वर्षी बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले.

त्यांनी प्रश्न सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला वतनी जमिनींवरची जुडी वाढली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला त्यांनी वतनदारांची परिषद घेतली. ज्याच्याकडून फुकट काम घ्यायचे त्याच्याच जमिनीवर कर वाढवायचा, हा उलटा न्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला.

आपल्यातलेही काहीजण त्या वेळी नाराज होते, हे विसरू नये. वतन गेले तर जमीन जाईल, गावातला हक्क जाईल, अशी भीती होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावले की हा हक्क नसून साखळी आहे. शेवटी वतने गेली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायद्याने. बिल मांडल्यापासून तीस वर्षांनी.

काम नाकारण्याचा हक्क

याच काळातल्या त्यांच्या आणखी काही भूमिका एका ओळीत ठेवून पाहाव्यात.

१९२७ मध्ये सरकारने लहान शेतांचे तुकडे थांबवण्यासाठी बिल आणले. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच या विषयावर लिहिले होते. शेत लहान आहे हा खरा रोग नाही. शेतावर माणसे जास्त आणि अवजारे, भांडवल कमी, हा रोग आहे, आणि त्यावर उद्योग वाढवणे हे औषध आहे. म्हणून कायद्याच्या जोरावर लहान शेतकऱ्याला जमिनीतून बाहेर काढण्याला त्यांनी विरोध केला. १९३२ मध्ये ग्रामपंचायतींना जास्त अधिकार देणारे बिल आले तेव्हाही ते विरोधात उभे राहिले. सत्ता सरकारकडून गावाकडे गेली तर ती लोकांकडे गेली असे होत नाही. ती गावातल्या जबर जातीकडे जाते. आधी सर्वांना मत द्या आणि अस्पृश्यांना जागा द्या, मग अधिकार द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातली खोती रद्द करण्याचे बिल मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. खोत सरकार नव्हता, खाजगी माणूसच होता, पण कुळाच्या घरावर, शेतावर, वेठीवर त्याचीच सत्ता चाले. त्याच वर्षी काँग्रेस सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलह बिल आणले. बाबासाहेबांनी सभागृहात मांडलेला मुद्दा असा, की संप म्हणजे मजुराने आपले श्रम न विकण्याचे स्वातंत्र्य. ते वापरले म्हणून त्याला तुरुंगात टाकणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला, त्यात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले.

वतनदार महार, खोताचे कूळ आणि गिरणी कामगार, या तिघांसाठी त्यांनी मागितलेली गोष्ट एकच होती: नाही म्हणण्याचा अधिकार. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यासाठी बाजारही खुला नसतो आणि सरकारही आपले नसते.

संविधान : सत्तेच्या दोन्ही टोकांना वेसण

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी स्वतः सत्ता वापरली. कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती, सेवायोजन कार्यालये, खाणीतल्या स्त्रियांना प्रसूतीचे लाभ ही त्या काळातली कामे. सरकारने काहीच करू नये असे मानणारा माणूस हे करणार नाही.

१९४७ च्या राज्ये आणि अल्पसंख्य या निवेदनात ते आणखी पुढे गेले. महत्त्वाचे उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, असे त्यांनी मांडले. पोटासाठी मालकाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. सरकार बाजूला झाले की जी जागा रिकामी होते ती जमीनदार आणि भांडवलदार भरतो. पण त्याच निवेदनातली दुसरी बाजू वगळू नये. ही सगळी रचना त्यांना संविधानातच हवी होती, म्हणजे एखाद्या बहुमताला ती लहरीप्रमाणे फिरवता येऊ नये. आणि हे हुकूमशाहीशिवाय, संसदीय लोकशाहीत व्हावे, ही अट होती.

ते निवेदन संविधानात आले नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे घडवले ते सर्वांच्या संमतीचे होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा मांडताना त्यांनी गाव हा पाया न मानता व्यक्ती हा पाया मानल्याचे ठामपणे सांगितले. त्याच महिन्यात के. टी. शहा यांनी संविधानात समाजवादी हा शब्द घालण्याची सूचना आणली, तेव्हा समाजवादी ध्येये मार्गदर्शक तत्त्वांत आहेतच असे सांगून बाबासाहेबांनी ती नाकारली. पुढच्या पिढ्यांनी आपली समाजरचना कशी ठेवायची हे आजच ठरवून टाकणे त्यांना लोकशाहीविरोधी वाटले. वर्षभरापूर्वी सरकारी मालकी मागणाऱ्या माणसाने हे म्हणावे, यात विसंगती शोधणारे शोधोत. आम्हाला त्यात माणसाच्या निवडीबद्दलचा आदर दिसतो.

आणि हक्कांची यादी पाहा. बोलण्याचे, जमण्याचे, फिरण्याचे, धंदा करण्याचे स्वातंत्र्य सरकारविरुद्ध आहे. कलम १७ ची अस्पृश्यताबंदी, कलम १५ मधला विहिरी, तळी, दुकाने वापरण्याचा हक्क, कलम २३ ची वेठबिगारीबंदी हे समाजाविरुद्ध आणि खाजगी माणसांविरुद्धही आहेत. चवदार तळे आणि वतन या दोन्ही लढाया इथे कायदा होऊन बसल्या. आणि हे हक्क मोडले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा कलम ३२ चा हक्क, ज्याला ते संविधानाचा प्राण मानत. वेसकराच्या हातात काठी होती, पण ती सरकारच्या सेवेची. कलम ३२ ने नागरिकाच्या हातात जे दिले ते सरकारला थांबवणारे आहे.

कार्यकर्त्यांनी कलम २२ ही विसरू नये. अटकेचे कारण सांगणे, वकील भेटू देणे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणे, या गोष्टी सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी वेगळे कलम आणून घातल्या, कारण जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातले संरक्षण तोकडे पडले होते. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरची बंधने वाढली. आरक्षणाला बळ देणारे कलम १५ (४) हे तिचेच फळ. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी या दुरुस्तीचे समर्थन केले. हे लपवण्याचे कारण नाही. त्यांना देव न करता वाचायचे असेल तर या जागाही वाचाव्या लागतील.

शेवटची वर्षे : कायद्यापलीकडे

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्रीला वारसा, घटस्फोट आणि स्वतःच्या पसंतीचे लग्न देणारे ते बिल म्हणजे घराच्या उंबऱ्याआतल्या सत्तेला घातलेली वेसण होती. त्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात उद्योगांबद्दल कोणत्याही वादाशी बांधून न घेता, जिथे सरकारी मालकी गरजेची तिथे ती आणि जिथे खाजगी उद्योग चालू शकतो तिथे तो, अशी भूमिका आली. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाही टिकण्याच्या अटी सांगितल्या. त्यांत विषमता नसणे होते, बळकट विरोधी पक्ष होता, आणि संविधानाची नीती पाळणेही होते.

२५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्या पुणे जिल्ह्यातच, देहूरोडला, त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. नोव्हेंबरमध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी सरकारी बळाने आणलेल्या समतेची मर्यादा दाखवली. बळ हटले की ती समता टिकेल कशी? माणसाचे मन बदलले तर पोलिसाची गरज कमी होते. ते मन बदलण्याचे काम धम्माचे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कोळवणच्या सातबाऱ्यावर

आता आमच्या खोऱ्याकडे. मुळशी तालुक्याला सरकारी सत्तेची ओळख जुनी आहे. १९२१ मध्ये मुळशी धरणासाठी टाटा कंपनीला जमिनी देण्याविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. सरकारने आपला भूसंपादनाचा कायदा एका कंपनीसाठी वापरला होता. सरकार आणि बाजार नेहमी एकमेकांच्या विरुद्ध असतात असे मानणाऱ्यांनी हे धरण एकदा पाहून यावे.

आज या भागात जमिनीला पुण्याचा भाव आला आहे. फार्महाऊस, प्लॉटिंग, एजंट. अशा ठिकाणी वतनाच्या जमिनीचे काय होते? १९५८ च्या कायद्याने त्या जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि शासन ठरवेल तो नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाहीत. बिगरशेतीसाठी हा नजराणा बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातो. शेजारचा शेतकरी आपली जमीन विकतो किंवा तिच्यावर कर्ज काढतो, तेव्हा आपला माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. ज्या पूर्वजांनी सरकारची फुकट चाकरी केली त्यांच्या नातवाने स्वतःच्या जमिनीसाठी सरकारला पैसे भरायचे, यात न्याय आहे असे आम्हाला वाटत नाही.

पण शर्त उद्या सकाळी काढून टाका, असेही आम्ही म्हणत नाही. कारण आम्ही दुसरी बाजूही पाहतो. थोडा इसार देऊन कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या जातात, बहिणींची नावे बाजूला पडतात, लग्नाच्या किंवा दवाखान्याच्या अडचणीत जमीन मातीमोल जाते. बंधन निघाले तर फायदा विकणाऱ्याचा होईल की एजंटाचा, हे विकणाऱ्याच्या हातात नाही म्हणण्याची ताकद किती आहे यावर ठरेल.

बाबासाहेबांच्या आयुष्यातून आम्हाला मिळालेली कसोटी हीच आहे. प्रत्येक कायद्याला आणि प्रत्येक सवलतीला दोन प्रश्न विचारा. यामुळे अधिकाऱ्याची मर्जी वाढते की कमी होते? आणि सरकार बाजूला झाले तर त्या जागी कोण बसणार आहे? ही कसोटी लावली तर वतनी जमिनीबाबत मागण्या सरळ निघतात. परवानगीच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निकाल द्या. नकार दिला तर कारण लेखी द्या. मूळ वतनदाराच्या वारसाकडून नजराणा घेऊ नका, त्याच्या अडचणीचा फायदा उठवणाऱ्या खरेदीदाराकडून घ्या. कुलमुखत्यारपत्रावरचे व्यवहार तपासा. आणि जमिनीवर कर्ज मिळण्याची वाट सोपी करा, म्हणजे अडचणीत विकण्याची वेळच येणार नाही.

तरुणांनी यातले पहिले काम आजच करावे. आपल्या घरचा सातबारा आणि जुने फेरफार काढा, जमीन कोणत्या वर्गाची आहे ते वाचा, वारसांत आई-बहिणींची नावे आहेत का ते पाहा. घरातल्या म्हाताऱ्यांनी कोणत्या कागदावर अंगठा दिला आहे ते विचारून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिका. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम गावच्या कागदपत्रांच्या कामासाठी बाजूला ठेवली तरी खूप होईल.

बाबासाहेबांनी आपल्याला सरकारची भक्ती शिकवली नाही आणि बाजाराचीही नाही. कोणत्याही सत्तेपुढे उभे राहून हिशेब मागायला त्यांनी शिकवले. तो हिशेब आपल्या गावच्या चावडीपासून मागायला सुरुवात करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!